मत दिले की देववले? लोकप्रतिनिधीचे मतदान आणि वक्तव्ये ताडून पाहताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मतदाराच्या खासदारांनी जाहीर सभांमधून एका विधेयकाला कडाडून विरोध केला होता. ते विधेयक पुढे संसदेत मंजूर झाले. खासदारांनी सभागृहात नेमके कोणत्या बाजूने मत दिले हे कुठे कळेल, बोलणे आणि मत जुळत नसेल तर त्याला सरळ दुटप्पीपणा म्हणायचे का, आणि आमदाराचेही असेच प्रगतिपुस्तक तयार करता येईल का, अशी विचारणा आहे. संसद आणि विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिली अडचण अशी की ज्या मताचा शोध घ्यायचा ते मत बहुतेक वेळा कुठेही नावानिशी लिहिलेलेच नसते. संसदेत आणि राज्यांच्या विधिमंडळांत बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. पीठासीन अधिकारी अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात, आवाजाचा अंदाज घेतात आणि निर्णय जाहीर करतात. कार्यवाहीच्या खंडात त्याची नोंद ‘प्रस्ताव संमत झाला’ एवढीच येते. त्या क्षणी कोण ओरडले, कोण गप्प बसले आणि कोण बाहेर चहा पीत होते, हे कायमचे पुसले जाते. या निर्णयाला कुणी आव्हान दिले तर मतविभागणी घ्यावी लागते. आपल्याकडे विधानभवनात याला सर्रास ‘पोल मागणे’ म्हणतात. लोकसभेत अशा वेळी साडेतीन मिनिटे घंटा वाजते, सभागृहाचे दरवाजे बंद होतात आणि सदस्य आपल्या जागेवरून बटण दाबून मत देतात: होकाराला हिरवे, नकाराला लाल, तटस्थतेला पिवळे. मतविभागणीची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती मोजणी करू शकतात, आणि तशी मोजणी झाली की आकडा मिळतो, पण नावे मिळत नाहीत.

याचे परिणाम किती दूरवर जातात हे महाराष्ट्राने स्वतः पाहिले आहे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने विधानसभेत विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने जिंकला. २८८ जणांच्या सभागृहात भाजपचे १२२ आमदार निवडून आलेले होते आणि राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीची मागणी केली, पण ती झाली नाही. त्या दिवशी राष्ट्रवादीच्या एखाद्या आमदाराने प्रत्यक्षात ‘होय’ म्हटले की तो नुसता बसून राहिला, हे आज कोणतीही कागदपत्रे दाखवू शकत नाहीत. पाच वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०१९ रोजी, उद्धव ठाकरे यांच्या सरकारचा ठराव मात्र शिरगणतीने झाला: १६९ बाजूने, विरोधात शून्य, चार तटस्थ, आणि भाजपचा सभात्याग. तेच सभागृह, तोच ठराव; एका वेळेला आमदाराच्या नावापुढे काहीतरी लिहिता येते, दुसऱ्या वेळेला येत नाही. आपल्या आमदाराने कोणत्याही वादग्रस्त विधेयकाच्या विरोधात मत दिलेले नाही, असे कुणी छातीठोकपणे सांगितले तर त्याचा अर्थ एवढाच असू शकतो की तशी नोंद होण्याची वेळच आली नाही.

संसदेबाबत परिस्थिती थोडी बरी आहे, ती घटनादुरुस्ती विधेयकांमुळे. त्यांना सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश बहुमत लागते, त्यामुळे ती मतविभागणीनेच होतात आणि नावांच्या याद्या कार्यवाहीत छापून येतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना आरक्षण देणारे विधेयक जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी संमत झाले, तेव्हाचे प्रत्येक मत सापडते. याउलट २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके गोंधळात आवाजी मतदानाने झाली, विरोधकांनी मतविभागणी मागूनही ती झाली नाही, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे रद्द करणारे विधेयकही आवाजी मतदानानेच झाले. देशभर गाजलेल्या या विषयावर तुमच्या राज्यसभा सदस्याचे मत कोणते होते, याचे उत्तर येताना आणि जातानाही ‘नोंद नाही’ असेच आहे. नव्या फौजदारी संहिता डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाल्या त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. त्यांच्या नावापुढे नुसते ‘अनुपस्थित’ लिहिणे हे वस्तुस्थितीला धरून नाही, तरीही तशा याद्या फिरताना मी पाहिल्या आहेत.

आता नाव सापडले असे धरू. इथून दुसरी आणि माझ्या मते मोठी अडचण सुरू होते. ते मत त्या माणसाचे होते का? १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, डावलून मत दिले किंवा मतदानच टाळले, आणि पक्षाने ते पंधरा दिवसांच्या आत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान प्रकरणात हा कायदा वैध ठरवताना अशी अपेक्षा व्यक्त केली होती की अशा परिणामाचा आदेश सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी संबंधित मतदानापुरताच असावा. व्यवहारात साध्यासुध्या विधेयकालाही तीन ओळींचा, म्हणजे सर्वांत सक्तीचा, व्हिप निघतो. त्यामुळे एखाद्या खासदाराची पाच वर्षांची शंभर मते गोळा करून त्याचे ‘धोरणात्मक कल’ काढणे म्हणजे बहुधा त्याच्या पक्षाच्या प्रतोदाचे, म्हणजे व्हिप काढणाऱ्याचे, हस्ताक्षर वाचणे होय. अमेरिकेत ‘अमक्या विषयावर बाजूने, तमक्या विषयावर विरोधात’ असे तक्ते उपयोगी ठरतात, कारण तिथे पक्षाविरुद्ध मत दिल्याने जागा जात नाही आणि उपस्थितांच्या एकपंचमांश सदस्यांनी मागणी केली की नावानिशी नोंद घेणे राज्यघटनेनेच बंधनकारक केले आहे. तो तक्ता जसाच्या तसा उचलून आपल्या खासदाराला लावला की तो दिसायला नीटनेटका दिसतो, पण सांगत काहीच नाही.

व्हिप कुणाचा, हाही प्रश्न आता साधा राहिलेला नाही. शिवसेनेतील फुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे त्याच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या गटाचा, नव्हे. जुलै २०२२ मध्ये विधानसभेत अध्यक्षपदाची निवडणूक १६४ विरुद्ध १०७ आणि दुसऱ्या दिवशी विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ असा झाला, तेव्हा एकाच पक्षाच्या नावाने दोन बाजूंनी दोन आदेश निघाले होते. त्या दोन दिवसांची मते नोंदवताना ‘पक्षादेश पाळला’ किंवा ‘मोडला’ असा रकाना ठेवणे मी टाळतो. विरोधातला आकडा एका रात्रीत १०७ वरून ९९ वर का आला, हे पाहायचे तर प्रत्येक गैरहजर नावाचे कारण स्वतंत्रपणे शोधावे लागते, कारण त्यात बाजू बदललेला आमदारही असतो आणि दरवाजे बंद झाल्यावर पोचलेलाही असतो.

मत एकच असूनही त्याचा अर्थ किती वेगळा निघू शकतो, याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. विरोधातले ते एकमेव मत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचे होते. नुसता तक्ता पाहणारा लिहील: ‘महिला आरक्षण – विरोध’. पण याच माणसाने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवले होते आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून हजारो शेतकऱ्यांना जमीन बायकोच्या नावावर करायला लावले होते. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला नव्हता, सोडतीने मतदारसंघ राखीव ठेवून ते दर निवडणुकीला फिरवत राहण्याच्या पद्धतीला होता. ही पद्धत पटो वा न पटो, आक्षेप कशाला होता हे भाषण वाचल्याशिवाय कळत नाही.

त्याच मतदानाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. आदल्या दिवशी ज्या पक्षांच्या सदस्यांनी सभापतींच्या आसनापर्यंत धावून जाऊन विधेयकाचे कागद फाडले, त्यांतल्या सात सदस्यांचे निलंबन झाले आणि मार्शलांना बोलवावे लागले. एका मोठ्या पक्षाने सभात्याग केला, दुसऱ्याने मतदानात भागच घेतला नाही. म्हणजे ज्यांचा विरोध संपूर्ण देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव ‘नाही’च्या रकान्यात नाही, आणि ज्या एकाचे आहे त्याने ना आरडाओरडा केला ना कागद फाडले. तेरा वर्षांनी, २० सप्टेंबर २०२३ रोजी, नव्या महिला आरक्षण विधेयकावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असे मतदान झाले. त्या दोन मतांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे आणि दुसरे त्यांचे पक्षाध्यक्ष असदुद्दीन ओवैसी यांचे. त्यांचे कारण मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा नाही, हे होते. एकाच विषयावरच्या दोन विरोधी मतांत काडीचेही वैचारिक साम्य नाही, आणि तक्त्यात मात्र दोन्हींची खूण एकच.

सभात्याग हा आपल्या संसदीय राजकारणातला फार सोयीचा प्रकार आहे, त्याकडे प्रश्नकर्त्याने विशेष लक्ष द्यावे, कारण बोलणे आणि मत यांतली दरी बहुतेक वेळा याच वाटेने झाकली जाते. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी देण्याचा निर्णय मागे घ्यावा, असा प्रस्ताव लोकसभेत डिसेंबर २०१२ मध्ये नियम १८४ खाली चर्चेला आला. समाजवादी पक्ष आणि बहुजन समाज पक्ष या दोघांनीही चर्चेत त्या निर्णयावर टीका केली. मतदानाची वेळ आली तेव्हा दोघेही उठून बाहेर गेले आणि प्रस्ताव २१८ विरुद्ध २५३ मतांनी फेटाळला गेला. दोन्ही पक्षांचे मिळून चाळीसहून अधिक खासदार होते आणि फरक ३५ मतांचा होता, हे लक्षात घेतले की बाहेर जाण्याचे वजन कळते. दोन दिवसांनी राज्यसभेत बहुजन समाज पक्षाने सरळ सरकारच्या बाजूने मत दिले. या सदस्यांच्या नावापुढे लोकसभेत ‘विरोधात मत नाही’, ‘बाजूने मत नाही’, भाषणात मात्र ‘कडाडून टीका’ अशा तीन नोंदी होतात आणि तिन्ही खऱ्या असतात. नियमाचा आकडाही पाहून ठेवावा. नियम १८४ खालच्या चर्चेनंतर मतदान होते, नियम १९३ खालच्या अल्पकालीन चर्चेनंतर होत नाही. त्यामुळे १९३ खाली केलेल्या जळजळीत भाषणाची किंमत चुकवावी लागत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिले आणि एक-दोन दिवसांतच राज्यसभेतल्या मतदानापासून ती दूर राहिली. अशा वेळी ‘पक्षाची भूमिका’ असे एकवचन वापरण्याआधी सभागृह आणि तारीख लिहावी.

मत विधेयकाच्या कोणत्या टप्प्यावरचे आहे, याकडेही असेच दुर्लक्ष होते. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्रित निवडणुकांचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडण्यावरच मतविभागणी झाली. पडद्यावर आधी २२० विरुद्ध १४९ असे आकडे आले. ज्यांची मते यंत्रावर नोंदली गेली नव्हती किंवा ज्यांना दुरुस्ती करायची होती त्यांच्या चिठ्ठ्या मोजल्यावर अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला. ज्यांनी पडद्याचा फोटो काढून ‘हे पाहा, अमुक खासदार गायब’ असे पसरवले असेल, त्यांची यादी जवळजवळ शंभर नावांनी चुकलेली होती. शिवाय ते मत विधेयक मांडू द्यावे की नाही एवढ्यापुरते होते, विधेयक मान्य करण्याचे नव्हते. मांडायला अनुमती देणारा सदस्य पुढे संमतीच्या वेळी विरोधात जाऊ शकतो आणि त्यात विसंगती नसते. अमेरिकेत जॉन केरी यांना २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हीच गोष्ट महागात पडली. इराक आणि अफगाणिस्तानसाठीच्या ८७ अब्ज डॉलरच्या तरतुदीला आपण आधी बाजूने आणि मग विरोधात मत दिले, असे ते बोलून गेले. बाजूचे मत श्रीमंतांची करसवलत कमी करून तो पैसा उभारण्याच्या पर्यायाला होते, विरोधातले मूळ विधेयकाला होते. मतांच्या पातळीवर सुसंगत असलेली भूमिका एका वाक्यात हास्यास्पद झाली.

मग ज्या ठिकाणी सदस्याला खरोखर मोकळीक असते, तिथे पाहावे. समित्यांमध्ये व्हिप चालत नाही. म्हणून संयुक्त समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमत पत्रिका, म्हणजे असहमत सदस्याचे लेखी म्हणणे, मला दहा भाषणांपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण विधेयकावरच्या संयुक्त समितीचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला, त्याला जयराम रमेश, मनीष तिवारी आदी सदस्यांनी जोडलेल्या पत्रिका वाचल्या की कोणत्या कलमावर कुणाचा नेमका कोणता आक्षेप होता ते कलमवार दिसते. अशासकीय विधेयके, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली विधेयके, १९७० नंतर एकही कायदा झालेली नाहीत, पण सदस्याने स्वतःहून कोणता मसुदा मांडला यावरून त्याचा कल नक्की कळतो. विरोधकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या आणि खर्चाच्या मागण्यांवरच्या कपात सूचनाही त्याच जातीच्या. आमदारांसाठी हीच जागा लक्षवेधी सूचना, तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे) प्रश्न आणि अर्धा तास चर्चा यांना द्यावी.

प्रश्नांच्या संख्येला मात्र मी भुलत नाही. एकाच आशयाचे अनेकांचे प्रश्न एकत्र जोडले जातात आणि तो प्रश्न जोडलेल्या प्रत्येकाच्या खात्यावर पडतो. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न वीसच, बाकीचे २३० पर्यंत अतारांकित (लेखी उत्तराचे), आणि निवड सोडतीने होत असल्याने नशिबाचाही भाग असतो. मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीपटावर सहीही करत नाहीत, म्हणून मंत्रिपदी असलेल्या खासदाराची ‘शून्य प्रश्न, शून्य हजेरी’ अशी बदनामी दर निवडणुकीत होते, ती निव्वळ अज्ञानातून. उलट ज्याची हजेरी ९५ टक्के आहे त्याने ९५ टक्के दिवशी सही केली, एवढेच सिद्ध होते. अध्यक्षांचेही तसेच: समसमान मते पडली तरच त्यांना निर्णायक मत देता येते, त्यामुळे त्यांची पाटी कोरीच असणार.

वक्तव्यांबाबत एक नियम मी कटाक्षाने पाळतो. सभागृहातले भाषण कार्यवाहीतून घ्यावे, बातमीतून नव्हे, कारण बातमीत आलेले वाक्य कामकाजातून काढून टाकलेले असू शकते. सभागृहाबाहेरचे वक्तव्य घेताना ते सभेतले, मुलाखतीतले की पत्रकातले हे लिहावे आणि तारीख द्यावी. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन वेगळ्या मोलाचे असते. त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते, जाहीर सभेतल्या आश्वासनाला तशी कोणतीही समिती नाही. आणि मंत्र्याची मते सामूहिक जबाबदारीखाली दिलेली असल्यामुळे तो आमदार-खासदार असतानाच्या जुन्या वक्तव्यांशी त्यांची थेट तुलना करायची असेल तर पद कधी मिळाले ती तारीख मध्ये लिहिली पाहिजे.

आता मूळ मुद्दा: बोलणे आणि मत जुळत नसेल तर दुटप्पीपणा म्हणायचे का. माझ्या अनुभवात चार गोष्टी क्रमाने तपासल्यावर बरेचसे आरोप गळून पडतात. सभेत ज्याला विरोध केला तो मसुदा आणि मतदानाला आलेला मसुदा एकच होता का, मत कोणत्या टप्प्यावरचे होते, व्हिप होता का, आणि वक्तव्य मताच्या आधीचे की नंतरचे. या चारही चाळण्यांतून जे उरते ते मात्र नावानिशी लिहायला कचरू नये. व्हिप होता ही सबब सर्वांत जास्त चालते आणि काही अंशी ती खरीही असते, पण व्हिपने मताला बांधले तरी तोंड बांधलेले नसते. पक्षाच्या बैठकीत नाही तर निदान सभागृहातल्या भाषणात आपला आक्षेप नोंदवून मग पक्षादेशाप्रमाणे मत देणारे सदस्य दोन्ही बाजूंना सापडतात. ज्याने मतदारसंघात विरोध केला, सभागृहात एक शब्द उच्चारला नाही, दुरुस्ती सुचवली नाही आणि निमूटपणे बाजूने बटण दाबले, त्याच्याबाबतीत शब्द कोणता वापरायचा ते प्रश्नकर्त्याने ठरवावे. मी त्याच्या चारही नोंदी तारखांसह एकाखाली एक ठेवतो.

आमदाराच्या प्रगतिपुस्तकासाठी प्रत्यक्ष सुरुवात अशी करा. पाच वर्षांतली सगळी विधेयके घेऊ नका, मतदारसंघाशी थेट संबंध असलेले तीनच विषय घ्या. कार्यवाहीचे खंड विधानमंडळाच्या ग्रंथालयात असतात. त्या तीन विषयांच्या चर्चांच्या तारखा आधी काढा आणि तेवढीच पाने वाचा. प्रत्येक नोंदीत सभागृह, तारीख, विधेयकाचा क्रमांक, टप्पा, मतदानाचा प्रकार, पक्षादेश, सदस्याने उच्चारलेले शब्द आणि शेवटी मत, या क्रमाने लिहा. आवाजी मतदान असेल तिथे मताचा रकाना रिकामा न सोडता ‘नोंद नाही’ असे लिहा, नाहीतर पुढे ती यादी पाहणारा तिथे स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो.